पाचपैकी पाच

१० मार्च, रविवार सकाळ

माझ्या मुली,

अनेक आशीर्वाद. एवढे दोन शब्द लिहायला मला पाऊण तास लागला, खोटं वाटेल तुला. आधी 'चि. सूनबाई' लिहिलं, पण कोर्टात तुमची फाईल उघडी असताना तो शब्द जरा अवघडून बसल्यासारखा दिसला. मग नुसतं नाव लिहिलं, तर पत्र विजेच्या बिलासारखं दिसायला लागलं. शेवटी तुझ्या सासूबाई मागून वाकून म्हणाल्या, "मुलगी लिहा आणि पुढं सरका, नाहीतर आज फक्त मायनाच टाकाल पेटीत." म्हणून मुलगी. चालवून घे.

तुझ्या आईंचा गुडघा कसा आहे? नव्या काठीशी त्यांचं जमलं का? मागे भेटल्या तेव्हा म्हणत होत्या, काठी घेतली की लोक बसायला खुर्ची देतात आणि तेच आवडत नाही. त्यांना सांग, मी चष्म्याला असाच नकार देत होतो, मग एक दिवस तीन पायऱ्या एकदम उतरलो. आता आंघोळीलासुद्धा चष्मा लावून जावंसं वाटतं. तुझ्या भावाच्या सकाळच्या शिंका थांबल्या का? पूर्वी तो शिंकायला लागला की आम्ही मोजायचो, बावीसपर्यंत गेला होता एकदा. तुझं मनगट? एक्स-रेच्या टेबलावर पेशंटला एकटीनं सरकवत जाऊ नकोस, कुणाला तरी हाक मार. तुमचा कानफाटा बोका अजून फ्रिजवरच झोपतो ना?

आणि आपल्या नातीचं, खारूचं, पोट कसं आहे? त्यावर पुढं येतो.

इकडे मी बरा आहे. साखर डॉक्टरांच्या मते ठीक आणि तुझ्या सासूबाईंच्या मते चढलेली. त्यांची टाच दुखते, तोंड उत्तम चालतं. तुझा नवरा ठणठणीत आहे. वेळेवर जेवतो, चार किलोनं वाढलाय, पँटची बटणं ताणून लावतो. हे मुद्दाम लिहितोय. का, तेही पुढं येईल.

आता माझ्या नोकरीची गंमत ऐक. तू त्या वर्गात दोन शनिवार बसलेली आहेस, म्हणजे वर्ग तुला माहीत आहे. ज्या आईबापांचा घटस्फोटाचा अर्ज आहे आणि घरात मूल आहे, त्यांना कोर्ट तिथं पाठवतं. जोडप्यातला एक जण एका खोलीत, दुसरा दुसऱ्या खोलीत. वर्गाच्या बाई तोच धडा एकीकडे सकाळी घेतात, दुसरीकडे दुपारी. पण तू दोन नंबरच्या खोलीत होतीस, त्यामुळे आमच्या एक नंबरात काय चालायचं ते तुला दिसलं नाही. तुमच्याकडे खुर्च्या मांडायला मौनीबुवा होते, ते मिशीवाले, जे 'इथे सही करा' याखेरीज काही बोलत नाहीत. आमच्याकडे मी होतो.

गेल्या जूनपासून एक पाहणी चालू आहे. चष्म्याची काडी चावत बसणारी, अंबाड्यात पेन्सिल खुपसणारी ती मुलगी आठवते ना, जी सगळ्यांना फॉर्म वाटायची? मी तिला पाहणीबाई म्हणतो. तिचं काम एवढंच शोधायचं की या वर्गाचा काही उपयोग होतो का. त्यासाठी वर्गाआधी एक फॉर्म, दुसऱ्या शनिवारी वर्ग संपल्यावर तोच फॉर्म पुन्हा, आणि तीन महिन्यांनी फोन करून तेच प्रश्न. 'मुलासमोर दुसऱ्या पालकाशी भांडता का?' वगैरे वीस प्रश्न. एक म्हणजे वाईट, पाच म्हणजे उत्तम. स्वतःला स्वतःच गुण द्यायचे.

आता मला सांग, त्या खोलीत येणारी माणसं कशी असतात? आधीच तोंड सुकलेलं. त्यात समोर कागद येतो आणि विचारतो की तुम्ही आईबाप म्हणून कसे आहात. मला बघवायचं नाही. मी चहा देता देता शेजारी थांबायचो.

एकदा एक बसचालक डोकं धरून बसला होता. म्हणाला, "काका, इथं लिहिलंय मुलासमोर ओरडता का. मी काल ओरडलो."

"काल झालं ते काल. आज ओरडलात?"

"आज अजून ती भेटलीच नाही."

"मग झालं तर. लिहा पाच."

बेकरीत काम करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी वर्ग संपल्यावरही सगळीकडे एक एकच लिहिलं होतं आणि वर रडत होत्या. मी म्हटलं, "अहो, तुम्ही दोन शनिवार सुट्टी टाकून आलात ते मुलासाठीच ना? त्याचे काही गुण नाहीत का?" खोडरबर माझ्या खिशात असायचंच. हसत गेल्या घरी. मला केवढं बरं वाटलं!

पहिल्या फॉर्मच्या वेळी मी दारावर नावं टिपत असायचो, त्यामुळे तो त्यांचा ते भरायचे. दुसऱ्याला मी असायचो. तेव्हा काय झालं असेल ते तुझ्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं.

दिवाळं वाजायच्या आधी बरेच दिवस आमची चलती होती. एक नंबरच्या खोलीचे निकाल असे आले की वर्गाच्या बाईंनी त्यांचा तक्ता करून भिंतीवर लावला. माणसांचे सरासरी गुण दोनचे चार नव्हे, दोनचे पाच होत होते. दोन नंबरच्या खोलीत मात्र दोनचे अडीच, फार तर तीन. पाहणीबाई काडी चावत म्हणाल्या, "काका, एक नंबरच्या खोलीत लोक दोन शनिवारांत साधुसंत होतात. मग तीन महिन्यांनी मी फोन करते तर पुन्हा माणसांत आलेले असतात. खोलीत आहे काय?"

मी म्हटलं, "खिडकी पूर्वेला आहे."

तिनं ते लिहून घेतलं, बिचारीनं. एक शनिवार खिडकीला पडदा लावून पाहिला. एक शनिवार खुर्च्या गोल मांडायला लावल्या. संत होणं थांबेना. मग फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिनं मला दोन नंबरला पाठवलं आणि मौनीबुवांना एकला. झालं! संत दोन नंबरला निपजू लागले.

"खिडकी तिथंच आहे, वर्गाच्या बाई त्याच आहेत," ती म्हणाली, "फक्त तुम्ही हललात, काका."

मी मूर्खासारखा कॉलर नीट केली. वाटलं, आपल्या पायगुणाची आता सरकारदरबारी नोंद होणार. घरी येऊन तुझ्या सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "तुम्ही तिथं तोंड उघडता का? मग पायगुण नव्हे, तोंडगुण असेल."

त्यांना घरबसल्या कळलं ते पाहणीबाईंना पुढच्या शनिवारी मागच्या रांगेत बसून कळलं. मी एका शिंप्याच्या फॉर्मवर वाकलो होतो. "अहो लिहा की पाच, एवढं काय मनाला लावून घेता," असं म्हणत वर पाहिलं, तर चष्म्याची काडी तोंडातून बाहेर, डोळे एवढे मोठे.

ओरडली नाही गं ती. वर्ग सुटल्यावर माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. आधी हसली, पोट धरून हसली, "खिडकी! मी पडदा लावला, काका!" मग हसू थांबलं. म्हणाली, "हा वर्ग चांगला असेल तर ते मला कळायला हवं. वाईट असेल तर ते त्याहून आधी कळायला हवं. तुमच्या पाचांमुळे मला दोन्ही कळत नाही. उद्या माझ्या कागदावर विश्वास ठेवून आणखी पन्नास कोर्टांत हाच वर्ग चुकांसकट सुरू होईल. घरी गेल्यावर काहीच बदललं नाही, असं मुलांनाच कळेल, आणि मुलांना कुणी फॉर्म देत नाही."

तुला माहीत आहे, चाळीस वर्षं मी वजनकाटे दुरुस्त केले. कुणी शिकवलं नाही, काटे उघडून उघडून शिकलो. पारड्याखाली मेण चिकटवणारे, तागडीला अंगठा टेकवणारे, असे किती जण मी भर बाजारात उघडे पाडले असतील. आणि निवृत्तीनंतर आठ महिने माझाच अंगठा पारड्यात! मी आपला बचाव केला, की ते दुकानदार स्वतःसाठी करत होते, मी त्या माणसांना बरं वाटावं म्हणून केलं. ती म्हणाली, "काट्याला त्यातला फरक कळतो का, काका?"

राजीनामा द्यायला निघालो तर हात धरून बसवलं. "खुर्च्या कोण लावणार? फक्त फॉर्मच्या वेळी तुम्ही बाहेर व्हरांड्यात." आठ महिन्यांत मी ज्या ज्या खोलीत होतो, तिथले दुसरे फॉर्म बाद झाले. त्यात तुझ्या नवऱ्याचाही होता. त्याला मीच वीसच्या वीस पाच लिहायला लावले होते. तुझा मात्र पाहणीत शाबूत आहे.

तुझ्या वर्गाच्या पहिल्या शनिवारी तू व्हरांड्यात पाणी मागितलंस आणि सवयीनं म्हणालीस, "बाबा, एक ग्लास." सगळे वळून बघायला लागले. तुझा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, मी इथं सगळ्यांचाच बाबा आहे. तसं नव्हतं. तू म्हणालीस म्हणून मला दिवसभर गोड लागलं होतं.

(दुपारी पुढे. तुझ्या सासूबाईंनी जेवायला उठवलं. त्या म्हणतात, "एवढी पानं झाली, मुद्द्यावर आलात का?" नाही आलो.)

मी पकडला गेलो त्या शनिवारी, उठण्यापूर्वी पाहणीबाईंनी माझ्या हातात एक कोरा फॉर्म दिला. म्हणाल्या, "एकदा स्वतः भरून बघा. मदतीला कुणी नाही." मी म्हटलं, मी आजोबा आहे, माझा काय संबंध? "ज्याच्याकडे मूल येतं, त्याचा संबंध," ती म्हणाली आणि खोलीचं दार ओढून गेली.

मी जोरात सुरुवात केली. मुलासमोर भांडता का? पाच. मुलाच्या वेळा पाळता का? पाच. अकराव्या प्रश्नाला पेन्सिल थांबली. 'दुसऱ्या घरी काय चालतं, याची मुलाकडे चौकशी करता का?' बारावा, 'मुलाच्या हाती निरोप पाठवता का?' तेरावा, 'मुलासमोर दुसऱ्या पालकाला नावं ठेवता का?' तेराव्याला मी पाच लिहायला गेलो, कारण तुला मी कधी नावं ठेवली नाहीत. आणि मग आठवलं मी खारूला काय सांगायचो ते. "तुझी आई फार गुणाची आहे, पण तिनं जरा पडतं घेतलं असतं ना, तर आज आपण सगळे एका घरात असतो."

आता लिहितोच. उठून पाणी प्यायलो, परत येऊन बसलो, आता पळायला जागा नाही.

एक रविवार सोडून एक खारू आमच्याकडे यायची. तिचा बाबा गाडी धुवायला खाली गेला की आम्ही दोघं माझ्या टेबलाशी बसायचो. ती पितळी वजनं लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावायची आणि मी विचारायचो. आई हसते का? कोण येतं घरी? बाबाचं नाव काढते का? आणि जाताना कानात निरोप. "आईला सांग, बाबा हल्ली जेवत नाही." तो जेवत होता, मघाशी लिहिलेले चार किलो तिथूनच आलेत. "बाबाला सांग, आई तुझी आठवण काढते." तू काढत होतीस की नाही, देव जाणे. वर म्हणायचो, हे आपल्या दोघांचं गुपित. मला वाटायचं, दोन्हीकडून थोडं थोडं ढकललं तर तुम्ही एक दिवस परत एकत्र याल, आणि मग मी सांगेन की हे कुणी घडवलं. माझ्या शहाणपणाची इतकी खात्री होती मला.

डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी ती म्हणाली, "आजोबा, मी विसरले तर?" आणि माझ्याच पेनानं तळहातावर निरोप लिहायला लागली. नऊ वर्षांची पोर, जीभ बाहेर काढून, बारीक अक्षरात. मी काय केलं माहीत आहे? मी तिला 'जेवत' कसं लिहायचं ते सांगितलं.

त्यानंतर ती आली नाही. इकडे यायच्या दर रविवारी सकाळी तिच्या पोटात दुखतं. असे चार रविवार झाले, आजचा पाचवा. तुला वाटलं, बाबाकडे काहीतरी होतं म्हणून दुखतं, आणि तू रविवार बंद करण्याचा अर्ज दिलास. तुझ्या जागी मीही दिला असता. याला, तुझ्या नवऱ्याला, वाटलं, तूच तिला पढवतेस. सव्वीस तारखेला तुम्ही दोघं न्यायाधीशांसमोर एकमेकांवर हेच ढकलणार आहात. आणि तिच्या पोटात काय दुखतं, हे मला त्या अकरा-बारा-तेराशी बसल्यावर कळलं. ती दोन घरांच्या मध्ये माझं खोटं घेऊन ये-जा करत होती, कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण मी गुपित म्हटलं होतं.

तुमचा दोघांचा यात दोष नाही, पोरी. माझा आहे.

याला मागच्या रविवारी सांगितलं. तो बूट घालत होता. एक बूट हातात घेऊन तसाच बसून राहिला. म्हणाला, "म्हणजे ती फोनवर मला म्हणायची, नीट जेवा, ते तुमच्यामुळे? आणि मी समजलो..." तो बूट तसाच खाली ठेवून आत गेला. तिसऱ्या दिवशी पाहणीबाईंकडून स्वतःसाठी पुन्हा कोरा फॉर्म मागून आणला आणि माझ्यापासून लांब, स्वयंपाकघरात बसून भरला. तुझ्या सासूबाईंनी डोकावून पाहिलं. म्हणाल्या, "एकही पाच नाही. पण अक्षर चांगलं काढलंय." मी विचारलं, "माझ्यावर राग गेला का त्याचा?" म्हणाल्या, "जाईल तेव्हा जाईल. तुम्ही तोवर त्याला विचारायला जाऊ नका, आणि मलाही पाठवू नका." घरात निरोप्याचं काम कायमचं बंद झालंय.

माझा फॉर्म या पत्राबरोबर जोडला आहे. कुणाच्या मदतीशिवाय भरला आहे, खोडलेलं काही नाही. अकरा, बारा, तेरा, तिन्हींना एक. त्याखाली काय काय सांगायला लावलं ते तारखांसकट लिहिलं आहे, आठवेल तेवढं. तुझ्या वकिलांना दे. सव्वीसला मी येणार आहे, आणि न्यायाधीश विचारतील तर तोंडानंही सांगेन. वर्ग कोर्टाच्याच इमारतीत आहे, वर्गाच्या बाई, मौनीबुवा, सगळे तिथं असतील, असू देत. या वयात लाजून लाजून किती लाजणार? तुझ्या सासूबाई म्हणतात, बोलायची खोड निदान एकदा तरी कामाला येऊ दे.

अर्ज मागे घे, असं मी म्हणत नाही. ते तू ठरव. माझं एवढंच म्हणणं आहे, तिचे बाबाबरोबरचे रविवार माझ्या पापात बुडू नयेत. ते दोघं बागेत जावोत, पोहायला जावोत, घरी येऊन पंख्याखाली लोळोत. त्या दिवशी मी घरात नसेन. मौनीबुवांच्या घरी बुद्धिबळाचा पट मांडलेला असतो, तिथं जाऊन बसेन. त्यांच्याशी खेळताना बोलायची सोयच नाही, माझ्यासाठी चांगलं औषध आहे. खारूनं स्वतः 'आजोबा कुठं आहेत' असं विचारेपर्यंत मी समोर येणार नाही. तिनं नाहीच विचारलं, तर तो माझा हिशेब.

तिच्यासाठी एक चिठ्ठी लिहिली होती. 'तुझं काही चुकलं नाही, आजोबांचं चुकलं' अशी. तुझ्या पाकिटात घालणार होतो. मग लक्षात आलं, हा पुन्हा निरोपच झाला, फक्त दिशा बदलली. फाडून टाकली. तिला काय सांगायचं, कधी सांगायचं, कुठल्या शब्दांत, ते तू तिची आई म्हणून ठरव. तिच्या बाबाशी आधी बोललीस तर फार बरं होईल, एवढं मात्र मी म्हणतो. तुम्ही नवरा-बायको राहा किंवा राहू नका, त्यात मी आता बोट घालणार नाही.

पाहणीबाई सांगत होत्या, आता नव्यानं मोजायला घेतल्यावर वर्गाचा थोडासा उपयोग दिसतोय. दोनचे अडीच. त्यांना त्याचा केवढा आनंद, काडी चावायचं विसरल्या. पुढच्या महिन्यापासून त्या आजीआजोबांसाठी एक वेगळा शनिवार करणार आहेत. पहिल्या रांगेत पहिली खुर्ची मी स्वतःच्या हातानं माझ्यासाठी मांडणार आहे.

तर मुली, उत्तर लवकर लिही. सव्वीसच्या आधी आलं तर बरं. दोन ओळी पुरेत, आणि रागाच्या असल्या तरी नीट वाचेन. पण टपालानं पाठव, नाहीतर फोन कर, नाहीतर दारात येऊन तोंडावर बोल. खारूच्या हाती मात्र काही देऊ नकोस.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
तिचा आजोबा